मागच्या खोलीतला स्पीकर

हे सांगायचं मी आठ वर्षं टाळलं. दोन वेळा लिहायला बसलो आणि दोन्ही वेळा मधेच उठलो. आता वय चौऱ्याहत्तर आहे. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, उजव्याचं व्हायचं आहे... त्याच्या आत हे कागदावर यावं असं ठरवलं.

या पानावर छापून येणारे भुताखेतांचे अनुभव मी नेमाने वाचतो. खरं सांगायचं तर पूर्वी हसायचो. कुणाच्या मामाला दिसलेलं असतं, कुणाच्या मित्राला ऐकू आलेलं असतं, सांगणाऱ्याला स्वतःला कधीच काही नसतं. माझा असल्या गोष्टींवर कणभरही विश्वास नव्हता. वसमतला बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत माझं रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान होतं, चाळीस वर्षं. आमच्या घरात अंगारा नाही, उतारा नाही. एखादं गिऱ्हाईक यायचं, "मिस्त्री, बटन बंद केलं तरी रेडिओ बोलून राहिला हो." मी म्हणायचो, "भूत न्हाई बाबा, बटनच खराब हाय." आणि बटणच खराब निघायचं. आवाज आला की त्याला कारण असतं आणि ते तारेत कुठे तरी सापडतं, हे माझं पक्कं मत होतं.

तर आता घडलं ते सांगतो.

दुकान मुलासारखं वाढवलं होतं, पण गुडघ्यांनी साथ सोडली म्हणून बंद केलं. पुण्याच्या मुलाने घरी एक चांगला अ‍ॅम्प्लिफायर पाठवला. पुढच्या खोलीत दोन स्पीकर होते, त्यांवर सकाळी बुद्धवंदना लागायची. माझ्या मनात आलं, आणखी दोन जोडू. एक स्वयंपाकघरात, एक मागच्या खोलीत. रिकाम्या माणसाला काम मिळालं. मार्च महिना होता. गावाबाहेर जिकडे तिकडे हळद शिजत होती आणि तो वास घरापर्यंत यायचा. माझी पत्नी कुसुम सकाळीच बाजारात गेली होती. मी स्टुलावर उभा राहून मागच्या खोलीच्या भिंतीला तारेसाठी भोक पाडत होतो. आठ वाजले असतील. खिशातला मोबाईल वाजला. आक्काचा होता.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, मला तिनेच वाढवलं. लग्न होऊन डोंगरकड्याला गेली. मूलबाळ झालं नाही, पुढे मेव्हणेही वारले. तिथे दोन खोल्यांच्या घरात ती एकटी राहायची. एक एकर रान शेजारच्या विमलच्या घराला बटईने दिलेलं होतं.

"किसना, चहा झाला का?"

"झाला. काहून?"

"माजा उजवा हात जड पडून राहिला रे. पेला सुटला हातातून. अन् जीभ बी जाड लागू राहिली."

"रातच्याला हातावर झोपली असशील आक्का. तेल लावून चोळ."

"येतो का जरासा?"

"संध्याकाळी येतो. भिंतीला भोक पाडून राहिलो, स्टुलावर हाय मी."

"बरं बरं. पडू नको बाबा स्टुलावरून."

एवढंच बोलणं. मी फोन खिशात ठेवला आणि ड्रिल पुन्हा सुरू केलं.

दोनच्या सुमारास विमल ताक द्यायला गेली तेव्हा आक्का चुलीपाशी आडवी होती. विमलने मला फोन केला. मी जीप करून धावलो, आक्काला नांदेडला नेलं. उजवी बाजू गेली होती, वाचा गेली होती. डॉक्टरांनी विचारलं, "त्रास कधीपासून?" विमल होती, कुसुम होती, गल्लीतले दोघे होते. मी म्हणालो, "दोन वाजल्यापासून." डॉक्टरांनी लिहून घेतलं. म्हणाले, अशा आजारात पहिले दोन-चार तास फार मोलाचे असतात, पण एकट्या माणसाला कळणार तरी कसं.

त्या रात्री दवाखान्याच्या बाकावर बसून मी आक्काच्या फोनमधून आठ वाजताच्या फोनची नोंद काढून टाकली. माझ्याही फोनमधून काढली.

पंधरा दिवसांनी तिला घरी आणलं आणि मागच्या खोलीत ठेवलं. त्याच खोलीत, त्याच भोकाखाली. तार ओढून स्पीकर मी आधीच बसवला होता, आठ इंची, लाकडी पेटीतला, खाटेच्या उशाकडच्या फळीवर. सकाळी वंदना लागली की आक्काचे डोळे तिकडे वळायचे. लोक यायचे, बघायचे, बाहेर येऊन म्हणायचे, "मिस्त्री, भाऊ असावा तर असा." मी मान खाली घालायचो. त्यांना तो माझा नम्रपणा वाटायचा.

एप्रिलच्या शेवटी विमल भेटायला आली. दार लोटून अर्धा तास आक्कापाशी बसली. बाहेर आली ती पदराने डोळे पुसतच.

"दादा, आक्काच्या मनात लई हाय. बोलता येईना, पर मला समदं कळून राहिलं."

"काय कळलं?" मी विचारलं.

"बाईचं बाईला कळतंय. तुमाला काय सांगू?"

ती गेली, पण तिच्या त्या बोलण्याने माझी झोप उडाली. आक्का खुणेने सांगते का? की हळूहळू बोलायला लागली आहे आणि फक्त माझ्यासमोर गप्प राहते? डॉक्टर म्हणाले होते, वाचा थोडी थोडी परत येऊ शकते. आणि परत आलेला पहिला शब्द त्या फोनबद्दलचा असला तर?

इथे एक गोष्ट समजून घ्या. स्पीकर आणि माईक ही सख्खी भावंडं. वीज दिली की स्पीकरचा कागद हलतो आणि आवाज होतो. उलट, त्या कागदासमोर कुणी बोललं की तोच कागद हलतो आणि तारेत बारीकशी वीज निघते. ती दुसऱ्या अ‍ॅम्प्लिफायरच्या माईकच्या जागी जोडली की पलीकडचं सगळं ऐकू येतं. या जोडणीवर मी कितीतरी दवाखान्यांत आणि लॉजमध्ये आत-बाहेर बोलायची सोय करून दिली होती. दुकानातला एक जुना अ‍ॅम्प्लिफायर माळ्यावर होता. तो काढला. मागच्या खोलीच्या तारेला एक टू-वे स्विच बसवला. वर केला की वंदना, खाली केला की खोलीतलं बोलणं माझ्या हेडफोनमध्ये. कुसुमने विचारलं, "आता हे काय नवीन?" म्हटलं, "आवाज कमी येतो, बघतोय."

"दुकान सुटलं, पर तारांचं याड सुटंना तुमचं."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी हेडफोन लावला. भर दुपार, बाहेर रखरखीत ऊन. आतमध्ये कुसुम आक्कापाशी बसून चिंचा फोडत होती. दगडाची टक्... टक्... साफ ऐकू येत होती. कूलरची घरघर. कुसुमचा खोकला. माझी जोडणी अगदी बरोबर होती. दहा मिनिटं झाली असतील. आणि त्या सगळ्यावर, कानाशी तोंड आणून म्हणावं तसं...

"किसना."

मला किसना म्हणणारं जगात एकच माणूस होतं. आवाज तिचा होता, आणि आजारी माणसाचा नव्हता. धडधाकट, रानातून बांधावरच्या माणसाला हाक मारावी तसा.

मी हेडफोन फेकून आत गेलो. "आक्का बोलली का?"

कुसुमने माझ्याकडे बघितलं. "उन्हानं डोकं फिरलं का तुमचं? मी हितं बसले न्हव का दोन तासांची? ओठ बी हलला न्हाई त्यांचा."

आक्का जागी होती. माझ्याकडेच बघत होती.

मी माझ्या परीने कारण शोधलं. लांब तार कधी कधी रेडिओ पकडते. एका दवाखान्यात माझ्याच जोडणीतून बातम्या ऐकू आल्या होत्या. आमच्या भागात जमिनीतून अधूनमधून गुरगुर येते, भांडी वाजतात, त्याची आम्हाला सवय आहे. पण रेडिओवरच्या माणसाला माझं नाव कसं ठाऊक असणार? आणि जमिनीला? तारा तपासल्या. सांधे पुन्हा केले, पट्टी गुंडाळली. मनाशी म्हटलं, मनातली बोचणी आहे, दुसरं काही नाही. तिथेच थांबायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला. तेच, दुपारचे तीन. चिंचेची टक्, कूलर, आणि मग...

"मला माज्या घरी ने रे किसना."

एकदाच. विनवणी नव्हती त्यात, राग नव्हता. लहानपणी पाणी आणायला सांगायची तशा सुरात. या वेळी मी उठलो नाही. हेडफोन कानावर घट्ट दाबून धरला. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता. आतून कुसुमचा आवाज हेडफोनमध्ये आला, "आक्का, पानी देऊ का?" म्हणजे कुसुमचं बोलणं येत होतं, आणि कुसुमला मात्र तिच्या हाताच्या अंतरावरचं काही ऐकू गेलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मी हेडफोनची तार वाढवली. पुढच्या खोलीतून मागच्या दारापर्यंत पोहोचेल एवढी. मला बघायचं होतं. ऐकता ऐकता तिचं तोंड बघायचं होतं.

तीन वाजता मी कानाला हेडफोन लावून दारात उभा राहिलो. कुसुम माझ्याकडे पाठ करून बसलेली, पुढ्यात चिंचांची रास. आक्का कुशीवर, तोंड दाराकडे. ओठांचा उजवा कोपरा ओघळलेला, पण ओठ मिटलेले. तिची नजर सरळ माझ्यावर. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत होतो. आणि मिटलेल्या ओठांची ती बाई माझ्या कानात बोलायला लागली.

"किसना, आतल्या खोलीत बेणं हाय. कोपऱ्यात, पाल्याखाली. इमलला देते म्हनले व्हते. पाला सरकला आसंल, वाळून जाईल समदं. मला घरी ने, बाबा."

मी ओठांकडे टक लावून बघत होतो. हलले नाहीत. शपथेवर सांगतो, केसभर हलले नाहीत. फक्त गळ्याची शीर उडत होती.

"अन् ते कानातलं काढ. मी हितंच हाय की."

मी हेडफोन ओढून काढला. खोलीत काही नव्हतं. टक्... टक्... कुसुम वळली आणि दचकलीच.

"अगं बाई! भुतावानी काय उभे ऱ्हायलेत दारात? बसायचं तर बसा, हात लावा चिंचांना."

बेणं म्हणजे पुढच्या लागवडीसाठी राखून ठेवलेले हळदीचे गड्डे. सावलीत रास करतात, वर हळदीचाच वाळला पाला घालतात. आक्काने या वर्षी बेणं राखलं होतं की नाही हे मला माहीत नव्हतं. तिच्या रानाशी माझा संबंध नव्हता, आणि तिच्या घरी मी दिवाळीनंतर गेलोच नव्हतो. ती पडली त्या दिवशीही चुलीपासूनच तिला उचललं, आतल्या खोलीत कुणी गेलं नाही. कुलूप मी लावलं आणि किल्ली माझ्याकडेच होती.

दुसऱ्या दिवशी घराची कौलं बघायची आहेत असं सांगून मी डोंगरकड्याची एसटी धरली. रस्ताभर केळीच्या बागा आणि मनात एकच गोष्ट... तिथे काही नसू दे. काही नसलं तर माझं डोकं बिघडलं एवढाच अर्थ होता, आणि ते मला चाललं असतं.

कुलूप काढलं. आतल्या खोलीत अंधार होता. डोळे सरावले तशी कोपऱ्यातली रास दिसली. गुडघाभर उंच. पाला एका बाजूने सरकलेला. वरचे गड्डे सुरकुतून गेले होते. हात घातला तर खालचे टणक होते, काहींना डोळे फुटायला लागले होते.

मी तिथेच जमिनीवर बसलो. कुलूप उघडलेलं बघून विमल आली.

"दादा, कवा आले? अन् हे... अगं माय! बेणं!" ती राशीपाशी वाकली. "मला कबूल केलं व्हतं आक्कानं. पर त्या पडल्या, म्हटलं आता कुठं अन् काय इचारावं. कुठं ठेवलं हे बी म्हाईत न्हवतं मला. तुमाला कसं कळलं?"

"कौलं बघायला आलो होतो. दिसलं," मी म्हणालो.

तिने पोत्यात बेणं भरायला घेतलं. भरता भरता म्हणाली, "दादा, आक्काला हितं आणा की. तिचा जीव हितं हाय, मला त्या दिवशी डोळ्यातच दिसलं. मी बघते, माजी सून हाय, समदी आळी हाय. कुसुमवैनीला बी तकलीफ कमी हुईल."

म्हणजे त्या दिवशी विमलला कळलं होतं ते हे. एवढंच. आक्काला घरी यायचं होतं.

आणि मी काय म्हणालो? "डॉक्टर नाही म्हणतात. हलवायचं नाही."

डॉक्टर असं काहीच म्हणाले नव्हते. उलट म्हणाले होते, ओळखीची जागा, ओळखीची माणसं असली तर वाचा लवकर येते. मला नेमकी तीच भीती होती. डोंगरकड्यात दिवसभर तिच्यापाशी बायका बसणार, बोलणार, तिला बोलतं करणार. एक दिवस ती बोलणार. दोन वाजता नाही, आठ वाजता.

विमलने उरलेले गड्डे पोत्यात टाकले. मग म्हणाली, "डाक्टर म्हनतात तर मग काय." आणि पोत्याचं तोंड बांधलं.

घरी आल्यावर मी स्विच वर केला आणि हेडफोन माळ्यावर टाकला. पुन्हा ऐकलं नाही. आक्काला सांगितलं, "बेणं विमलला दिलं." कुसुम जवळच होती, तिला वाटलं मी सहज बोलतोय. आक्काने डोळे मिटले आणि डाव्या हाताने माझं मनगट धरलं, बराच वेळ. घरी न्यायचं मी काही बोललो नाही. तिने धरलेला हात मीच सोडवून घेतला.

जूनमध्ये तिचं खाणं सुटलं. पेज दोन चमचे, मग एक चमचा. मला कळत होतं. रोज ठरवायचो, आज खाटेवर बसून सांगायचं, आणि तिचे डोळे दिसले की दारातूनच परत फिरायचो. तेव्हा मनात आलं, समोर बसून जमत नाही तर तारेतून बोलावं. माझी सगळी जिंदगी तारेत गेली, मला तेवढंच येतं. मुलाच्या अ‍ॅम्प्लिफायरला माईक जोडला, मागच्या खोलीचा स्पीकर चालू ठेवला, बाकीचे बंद केले. कुसुमला कसं बाहेर पाठवायचं ते सुचलं नाही. म्हटलं, ऐकू दे तिलाही. वाक्य चिठ्ठीवर लिहून घेतलं होतं. मोठं नव्हतं.

चारचा सुमार होता. माईक हातात धरला. बटण दाबलं. मागच्या खोलीत स्पीकर जिवंत झाल्याचा हलका फूस् आवाज भिंतीपलीकडून आला. चिठ्ठी समोर. तोंड उघडलं आणि चाळीस वर्षांच्या सवयीने बाहेर आलं,

"हॅलो... हॅलो... माईक चेक... वन, टू, थ्री..."

आतून कुसुम ओरडली, "अहो! आक्का हसल्या! खरंच हसल्या बघा! आनखी बोला की काई तरी!"

मी माईक खाली ठेवला. बटण बंद केलं. मनाशी म्हटलं, संध्याकाळी बोलू.

संध्याकाळी पाहुणे आले. सकाळी वंदना चालू असताना आक्का गेली. लोक म्हणाले, किती शांत मरण, कानावर वंदना पडत होती, भावाने किती केलं. मी मान खाली घातली.

या सगळ्याचा उलगडा मला आजही झालेला नाही. मुलाला फक्त आवाजाचं सांगितलं, तो म्हणाला, बेण्याचं आत्या कधी तरी बोलली असेल, तुम्ही विसरलात. असेल. पण तारेतून आलेला आवाज कुणाचा ते ओळखायला मी चुकत नाही, तेवढं एकच काम मी आयुष्यभर केलं. ती मला फोनबद्दल कधीच काही बोलली नाही, ना तोंडाने, ना त्या तारेतून. ज्याची मला धास्ती होती ते सोडून बाकी सगळं बोलली.

कुसुमला यातलं काहीच ठाऊक नाही. हे लिहिलेलं पाठवण्याआधी तिला वाचायला देणार आहे. विमलला वाचता येत नाही, तिच्या सुनेला येतं. दोघींनी काय म्हणायचं ते म्हणावं.

चिठ्ठी अजून माझ्याकडे आहे. त्यावर एवढंच आहे - आक्का, सकाळी आठ वाजता तुझा फोन मीच उचलला होता. सगळं ऐकलं आणि आलो नाही. चुकलं माझं. तुला घरी घेऊन जातो.